कावळ्यानं बाभळीच्या शेंड्यावर घरटं केलंय. सोयाबीन पेरू की थांबू?

शिवार_औसा: राम राम मंडळी. आमच्या बांधावर आंबा, कडुलिंब, बाभळ तिन्ही आहेत. यंदा कावळ्यानं आंबा सोडून बाभळीच्या शेंड्याला काड्या रचल्यात. आई म्हणते, काटेरी झाडावर घरटं म्हणजे पाऊस हात आखडणार. त्यात टिटवीनं ओढ्याच्या कोरड्या पात्रातच अंडी घातलीत. चार अंडी, निमुळती टोकं आत वळवलेली. गोट्यांत चटकन दिसतही नाहीत. पाणी यायचं असतं तर ती उंचवट्यावर गेली असती, असं आईचं म्हणणं. इकडं मृग निघालाय, पावशा दिवसभर "पेर्ते व्हा" करतोय, आणि एका पावसावर शेजाऱ्यांनी तिफण धरलीसुद्धा. जमीन मध्यम, बियाणं घरचं. कुणाचं ऐकू?

वळगण_राजापूर: आमच्याकडे भाताची धूळवाफ पेरणी पावसाआधीच उरकतो. ओढ्यातून वळगणीचे, म्हणजे पहिल्या पावसात अंडी घालायला वर येणारे मासे शेतात चढले की मिरग खरा लागला म्हणायचं. सोयाबीनचं मात्र जाणकार सांगतील.

जुनी_तिफण: दादा, पावशावर पेरू नका. तो उन्हाळ्यातच ओरडायला लागतो. सातभाईंच्या घरट्यात अंडी घालणारा पक्षी, त्याच्या विणीचा तो काळ. पावसाळा जवळ आला एवढं त्यातून कळतं. जमिनीत ओल किती, ते कळत नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या. मग वीतभर खोल उकरून माती मुठीत दाबा. लाडू वळला तर पेरा, माती भुरभुरली तर थांबा. दुबार पेरणीत घरचं बियाणं गेलं की दुकानाची पायरी चढावी लागते. सोयाबीनला 15 जुलैपर्यंत वाव असतो.

आणि आईचं म्हणणं मोडीत काढू नका. पावसाचा ताण पडेल असं धरूनच पेरा: रुंद वरंबा-सरी करा, सोयाबीनच्या चार ओळींमागं दोन ओळी तूर घ्या. सोयाबीन कमी-जास्त झालं तरी तूर मागून हात देते.

शिवार_औसा: पटलं. थांबतो. आईला वाचून दाखवलं, तर तिनं लगेच मघा नक्षत्राची म्हण काढली: "पडतील मघा, नाही तर ढगाकडे बघा."

जुनी_तिफण: बरोबर बोलल्या माउली. मघा ऑगस्टच्या उत्तरार्धात, तेव्हा तुमच्या शेंगा भरायला लागलेल्या असतील. विहिरीला पाणी असेल तर त्या पंधरवड्यासाठी राखा. एक पाणी दिलं तरी दाणा भरतो.