मिरची ‘गायब’ झाला? त्याचा पत्ता तर लंडनच्या कोर्टाला पाठ होता

परळचा_बाब्या
परवा वरळी_सीफेस यांनी इथे इक्बाल मिरचीवर भलीमोठी पोस्ट टाकली. मिरचीच्या व्यापाऱ्याच्या घरातलं पोर, डोक्याच्या जोरावर मॅन्ड्रॅक्स या नशेच्या गोळ्यांचं साम्राज्य उभं केलं, पोलिस दारात यायच्या आत ‘गायब’ झाला आणि मरेपर्यंत कुणाला सापडला नाही, ‘असं डोकं मुंबईत पुन्हा झालं नाही’ वगैरे. खाली टाळ्यांचा पाऊस. गप्प बसणार होतो, पण राहवत नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

कुठे गायब? ऐंशीच्या दशकात इथून दुबईला गेला, तिथून लंडनला. १९९५ साली स्कॉटलंड यार्डने घरी जाऊन उचलला, म्हणजे घर माहीत होतं. त्याला आणायला आपण अर्ज केला. ब्रिटनबरोबरचा प्रत्यार्पण करार १९९२ चा, शाई अजून ओली होती. लंडनच्या मॅजिस्ट्रेटने अर्ज फेटाळला. आपण अपील केलं नाही. वर त्याचा कोर्टखर्च द्यायचंही कबूल करून आलो! पुढे अमेरिकेने १ जून २००४ ला त्याचं नाव ड्रग्जच्या बड्या सूत्रधारांच्या यादीत टाकलं, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये तो लंडनमध्येच हार्ट अटॅकने गेला. एवढी वर्षं माणूस एका शहरात राहतो, वकील करतो, कोर्टात हजर होतो, आणि आपण म्हणायचं काय तर गायब!

यात त्याचं डोकं किती आणि आपली फाईल किती फाटकी, एवढाच माझा प्रश्न आहे. बाकी आरत्या ओवाळायच्या तर ओवाळा.

वरळी_सीफेस
माझ्या नावाने धागा काढलात, आभारी आहे. आरती मी ओवाळली नाही. कौशल्य दिसलं ते लिहिलं. आमच्या चाळीतली पोरं शनिवारी रात्री फिशरमन्स व्हार्फच्या समोर कठड्यावर जाऊन बसायची. डिस्को त्याचा. आत जायची ऐपत नव्हती, मग बाहेर लागलेल्या गाड्यांत इम्पोर्टेड किती ते मोजायचं. वॉचमन हाकलायचा, पण हाकलायच्या आधी सिगरेट मागायचा. मसाल्याच्या गोणीपासून तिथपर्यंत पोचलेला माणूस मूर्ख असतो का?

आणि मॅन्ड्रॅक्स मुंबईत कोण घेत होतं हो? माल आफ्रिकेला जायचा. इथल्या पोरांचं त्याने काय वाकडं केलं?

निवृत्त_शिरस्तेदार
दोघांनाही एक सांगतो. भारतातल्या कुठल्याही कोर्टात त्याच्यावर गुन्हा शाबीत झालेला नाही. तेव्हा ‘साम्राज्य’, ‘बादशहा’ हे शब्द जरा जपून. उभा जन्म सेशन्स कोर्टात गेला माझा. आरोपी तो आरोपी.

बाब्या म्हणतात ती फाईल मात्र मी रोज बघितली आहे, त्याची नाही पण त्याच जातीची. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा, नोव्हेंबर १९८५ ला लागू झाला. शिक्षा एवढी की ऐकून घाम फुटावा, बहुतेक गुन्ह्यांना तेव्हा कमीत कमी दहा वर्षं. शिक्षा मोठी म्हणून प्रक्रियाही कडक. कलम ५० नुसार अंगझडतीआधी आरोपीला सांगावं लागतं की बाबा रे, राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घ्यायचा तुला हक्क आहे. १९९९ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने बलदेव सिंग खटल्यात सांगितलं, हे सांगणं बंधनकारक. मग किलो-किलोच्या केसेस एका न लिहिलेल्या वाक्यावर पडायच्या. न्यायाधीश तरी काय करणार? लोक मात्र बाहेर म्हणायचे, सेटिंग झाली.

गिरगावचा_अण्णा
शिरस्तेदारसाहेब, सेटिंग नसेल, पण जे होतं त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. मी पंच होतो अशा एका केसमध्ये. दुकानाचं शटर ओढून घरी निघालो होतो, हवालदार म्हणाला, शेठ पाच मिनिटं या. गेलो ते पहाटे सुटलो. पुड्या टेबलावर आधीच मांडलेल्या. कुठे सापडल्या, कुणाच्या खिशात, मी काही पाहिलं नाही. पंचनामा लिहून तयार, खाली माझ्यासाठी पेन्सिलने फुली मारून ठेवलेली. मेणबत्तीवर लाख वितळवून पाकिटावर टिपकवली, त्यावर सील दाबलं, कडेला मी सही केली.

वर्षानुवर्षांनी कोर्टात बोलावलं. पाकीट समोर धरलं. सही माझीच, पण सील फुटलेलं आणि वरची तारीख भलत्याच पेनची. बचावाच्या वकिलाने विचारलं, हे तुमच्यासमोर सील केलं का? काय उत्तर देऊ? खरं सांगितलं. आरोपी सुटला. बाहेर आल्यावर त्याच हवालदाराने मला शिव्या घातल्या. तेव्हापासून आमच्या गल्लीत ‘पाच मिनिटं या’ म्हटलं की लोक दुकानं बंद करतात.

पागडीग्रस्त
अण्णा, मस्त. पण मूळ मुद्दा राहतोय. मिरचीने वरळीत ट्रस्टच्या जुन्या इमारती घेतल्या, त्यात राहणाऱ्या भाडेकरूंचं काय? २०१९ पासून ईडी त्या मालमत्तांच्या मागे आहे. मालक डॉन असो की ट्रस्ट असो, मरतो भाडेकरूच. आमच्या इमारतीचा मालक तर साधा शाकाहारी गृहस्थ आहे, तरी भाडेपावती दुसऱ्याच्या नावावर करायची म्हटली की तिसरा हिस्सा मागतो आणि गळकं छत दाखवलं की म्हाडाकडे जा म्हणतो. पागडीवर, म्हणजे एकरकमी पैसे मोजून घेतलेल्या भाड्याच्या घरांवर, वेगळा कायदा हवा की नको, यावर कुणी बोलत नाही.

परळचा_बाब्या
बोलू, काका. दुसऱ्या धाग्यावर.

शैला_म
वरळी_सीफेस, ‘इथल्या पोरांचं काय वाकडं केलं’ हे वाचून हातातलं काम टाकून लिहायला बसले आहे.

माझा मोठा भाऊ करी रोडला वाढला. वडील गिरणीत साचेवाले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा भाऊ कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. वडील गावी निघून गेले, आई डबे करायला लागली, हा दिवसभर नाक्यावर. गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, नाक्यावरच मिळायची. आईला कळलं कशावरून, तर सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद तो जपून ठेवायचा, नखाने घासून गुळगुळीत करायचा. ती समजली, पोरगं काहीतरी चित्रं-बित्रं करतंय. घरातली पितळेची भांडी गेली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. टर्की लागली, म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रास सुरू झाला, की पाय पोटाशी घेऊन मोरीत बसायचा, आई बाहेरून कडी लावून रडायची.

त्याला पोलिसांनी दोनदा उचलला, स्वतःपुरत्या पुडीसाठी. तुमच्या त्या डोकेबाजाला लंडनमध्ये वकील, आणि याला लॉकअपमध्ये पट्टा. गर्दचा धंदा मिरचीचाच होता असं मी म्हणत नाही, शिरस्तेदार लगेच पुरावा मागतील. पण ‘माल बाहेर जायचा’ हे कौतुकाने सांगू नका. बाहेर म्हणजे तरी कुणाच्या घरात? दक्षिण आफ्रिकेत ती गोळी चुरून गांजात मिसळतात आणि फुटक्या बाटलीच्या गळ्यातून ओढतात. तिथल्या आयांना मोरी नसेल कदाचित.

लालबावटा
ताई, तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं. पण गर्दचं बिल संपावर फाडू नका. अडीच लाख कामगार पोटासाठी उतरले होते. गर्द कुलाब्यात होती, बांद्र्यात होती, मोठमोठ्या कॉलेजांत होती. तिथे कुठला संप होता?

शैला_म
मी संपावर काही फाडलं नाही. जे झालं ते सांगितलं.

वरळी_सीफेस
नाही फाडलं तर आता मी फाडतो. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांनी तो ताणला नसता तर अर्धं गिरणगाव नाक्यावर आलं नसतं. माझे दोन्ही काका त्यात संपले. संप आजवर अधिकृतपणे मागेही घेतलेला नाही. याला आंदोलन म्हणतात की हट्ट?

लालबावटा
आले मालकांचे वकील! संप सामंतांनी ताणला की मालकांना गिरण्या बंदच करायच्या होत्या? आज त्या जमिनींवर काय उभं आहे ते डोळे उघडून बघा. मॉलमध्ये कॉफी पिताना आठवत नाही का काकांची?

वरळी_सीफेस
माझ्या काकांवर जायचं काम नाही. तुम्ही संपाच्या काळात कुठे होतात? युनियनच्या ऑफिसात पावत्या फाडत?

लालबावटा
लाल मैदानात होतो. तुम्ही गाड्या मोजत होतात ना डिस्कोच्या बाहेर?

निवृत्त_शिरस्तेदार
सभ्य गृहस्थहो, दोघांचे मुद्दे संपले असतील तर सांगतो. ब्राऊन शुगर इथे आली त्याला ना सामंत कारण, ना मालक. १९७९ ला इराणमध्ये क्रांती, त्याच वर्षाच्या शेवटी अफगाणिस्तानात रशियन फौजा. पश्चिमेचा जुना रस्ता अडला, माल पाकिस्तानातून भारतात उतरायला लागला. मुंबई बंदर हे पुढे पाठवायचं ठिकाण, आणि वाटेत सांडलेलं इथेच विकलं जायचं.

लालबावटा
हे मान्य. तरी मालक सुटत नाहीत.

वरळी_सीफेस
हेही मान्य. तरी सामंत सुटत नाहीत.

शैला_म
वा. माझा भाऊ सोडून सगळ्यांचा निकाल लागला. शिरस्तेदारकाका, ‘वाटेत सांडलेलं’ हे तुम्ही फार सहज लिहून गेलात.

भाऊ पुढे पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहिला. अवचट पती-पत्नींनी १९८६ ला सुरू केलेलं. सुटला, परत लागला, परत गेला. एका मालवाहू टेम्पोवर क्लीनर होता शेवटी. काविळीने गेला. तेव्हा नाक्यावरचे त्याच्याबरोबरचे कुणीच उरले नव्हते, खांदा द्यायला शेजारच्या इमारतीतून माणसं बोलवावी लागली.

निवृत्त_शिरस्तेदार
ताई, तो शब्द नको होता. राग समजतो.

अंधेरीचा_चिन्मय
काका लोकांनो, १९८२ मधून बाहेर या. आज एमडी आहे. मेफेड्रोन या कायद्यात आलं फेब्रुवारी २०१५ ला, तोपर्यंत पकडून सोडून द्यायचे. आता पन्नास ग्रॅम म्हणजे व्यावसायिक प्रमाण. बनवायला अफगाणिस्तान लागत नाही, एमआयडीसीतला बंद पडलेला गाळा आणि केमिस्ट्री शिकलेला एक माणूस पुरतो. आणि मॅन्ड्रॅक्स संपली असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: २०१६ ला उदयपूरला डीआरआयने (केंद्राच्या महसूल गुप्तचर खात्याने) साडेतेवीस टन पकडली. टन! मिरची मरून तीन वर्षं झाली होती. एक माणूस आला काय, गेला काय, धंद्याला फरक शून्य. तुम्ही त्याच्यावर दोन-दोन धागे काढताय.

परळचा_बाब्या
चिन्मय, हेच तर म्हणतोय. एकाला बादशहा करून ठेवलं की फाईल कुणी लिहिली, सील कुणी फोडलं, अपील कुणी केलं नाही, हे विचारायची गरजच राहत नाही. तो ‘डोकेबाज’, म्हणून निसटला. झालं, सगळे मोकळे. अण्णांचा हवालदारही मोकळा.

वरळी_सीफेस
हवालदार मोकळा नाही, बाब्या, पण मिरचीही बावळट नव्हता. दोन्ही गोष्टी एकावेळी खऱ्या असू शकतात की नाही? नाही म्हणायला तुम्हाला सोसत नाही एवढंच. २०२० ला सरकारने त्याच्या जुहूच्या घराचा लिलाव काढला, बोली लावायला कुणी आलं नाही. मेलेल्या माणसाची एवढी दहशत असेल तर त्यात काही त्याचं होतं की नाही?

पागडीग्रस्त
दहशत कसली! कोर्टकचेरीत अडकलेलं घर कोण घेईल? माझं फुकट देतो, घेता का?

गिरगावचा_अण्णा
ह्यांचं म्हणणं खरं आहे. कब्जाच मिळणार नसेल तर बोली कशाला लावायची.

वरळी_सीफेस
बरं बाबांनो. माझ्या पोस्टमधलं ‘गायब झाला’ काढून ‘लंडनला जाऊन राहिला’ असं केलं आहे. ‘मुंबईच्या पोरांचं काही बिघडलं नाही’ हे वाक्यही काढलं, शैलाताईंसाठी, बाब्यासाठी नाही. ‘डोकेबाज’ राहणार. ज्याला आवडत नाही त्याने पुढची पोस्ट वाचू नये.

परळचा_बाब्या
‘सरकारी खर्चाने लंडनला राहिला’ असं करा, जास्त शोभेल.

निवृत्त_शिरस्तेदार
राहण्याचा नाही, फक्त कोर्टाचा खर्च. जे लिहायचं ते अचूक लिहा.

लालबावटा
संपाचा धागा काढतोय मी उद्या. वरळी_सीफेस यांनी कागदपत्रं घेऊन यावं, काकांच्या गोष्टी नकोत.

वरळी_सीफेस
काकांची पीएफची पावती घेऊन येतो. चालेल?