प्रभागातल्या चार जागा: मत पक्षाला की आपल्या गल्लीच्या प्रश्नाला?

गल्लीबोळ:

मंडळी, १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान आहे. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडून जातो, बाकी बहुतेक ठिकाणी एका प्रभागात चार जागा आहेत. अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब ची फिकट गुलाबी, क ची फिकट पिवळी, ड ची फिकट निळी. चारही जागांचं मत नोंदवल्याशिवाय मतदान पुरं होत नाही. एखाद्या जागेवर कुणीच पसंत नसेल तर तिथे ‘नोटा’चं बटण आहे.

म्हणजे आपल्या हातात चार स्वतंत्र मतं आहेत. पण प्रचार एकच चाललाय, चारही बटणं एकाच चिन्हासमोर दाबा, पॅनेल फोडू नका. मला हे पटत नाही. चार जागांवर चार वेगळी माणसं उभी आहेत, त्यांना चार वेगवेगळे निकष लावायला काय हरकत आहे?

आमच्या कोपऱ्यावर पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं. प्रचाराला आलेल्या प्रत्येकाला मी हाच प्रश्न विचारला. एक जण म्हणाले, ‘निवडून द्या, पहिल्या शंभर दिवसांत करतो.’ दुसऱ्यांनी फोटो काढून घेतला आणि पुढच्या दाराकडे वळले. तिसऱ्या एक ताई होत्या. त्यांनी मलाच उलट विचारलं, ‘पाणी पाऊस थांबल्यावर लगेच ओसरतं, की दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतं?’ राहतं म्हटल्यावर त्या चेंबरपाशी गेल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, ‘पावसाळी गटार इथे मैलावाहिनीला जोडलेलं दिसतंय. नुसता गाळ काढून भागणार नाही, लाइन वेगळी करावी लागेल. ते काम अंदाजपत्रकात घ्यावं लागतं, एका वर्षात होईल असं मी सांगत नाही.’

तिन्ही उत्तरांत काय फरक आहे ते तुम्हीच बघा. ताईंचं चिन्ह कोणतं ते मुद्दाम लिहीत नाही. माझं एक मत त्यांना. बाकीच्या तीन जागांसाठीही मी असंच विचारत फिरणार आहे.

सभागृह:

तळमळ पटली, पण निष्कर्ष पटला नाही. नगरसेवक गल्लीत निवडून येतो, काम मात्र सभागृहात करतो आणि सभागृह पक्षावर चालतं. स्थायी समितीत १६ सदस्य असतात. त्या जागा पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे वाटल्या जातात आणि मोठ्या खर्चाची कामं तिथूनच मंजूर होतात. तुमच्या ताई संख्येने लहान असलेल्या गटातून आल्या, तर ती गटाराची लाइन अंदाजपत्रकात घालायला त्यांना कोण साथ देणार?

आणखी एक गोष्ट मतदारांना कुणी सांगत नाही. स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ प्रमाणे पक्षादेश मोडला तर नगरसेवकाचं पद जाऊ शकतं. म्हणजे उमेदवार कितीही जाणकार असो, कचरा डेपो तुमच्या बाजूला हलवायचा ठराव आला आणि पक्षाने ‘हात वर करा’ म्हटलं, तर त्याला हात वर करावाच लागतो. मग पक्षाचं धोरण न बघता नुसता माणूस बघणं म्हणजे अर्धीच चौकशी झाली.

टँकर:

मी सभागृह यांच्या बाजूने. आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं, तेही पहाटे, तेही वरच्या मजल्यावर चढत नाही. दोन टर्म झाल्या, नगरसेवक अगदी भला माणूस. फोन उचलतो, रात्री अकराला टँकर पाठवतो, लग्नामौतीला हजर. आमच्या सोसायटीतल्या बायका त्याला भाऊ म्हणतात. पण जलवाहिनी जुनी, टाकी लहान, आणि नवीन टाकीचा प्रस्ताव शहराच्या पातळीवर पडून. भल्या माणसाने टँकर दिला, पण नळाला पाणी देणं त्याच्या एकट्याच्या हातात नव्हतं.

स्थानिक प्रश्न बघून मत द्या म्हणता तेव्हा हाच धोका असतो. जो तात्पुरती सोय करतो तोच काम करणारा वाटायला लागतो. आणि टँकरवर ज्याचं नाव होतं त्याला खरंच जलवाहिनी हवी होती का, हाही प्रश्न मला पडतो.

गल्लीबोळ:

टँकर ताई, शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं लिहिलंत. पण ते माझ्याच बाजूचं आहे. तुमचा स्थानिक प्रश्न ‘टँकर वेळेवर येत नाही’ हा नाहीच, तो ‘टाकीचा प्रस्ताव कुठे अडला’ हा आहे. हा प्रश्न उमेदवाराला नेमका विचारला तर भला माणूस आणि कामाचा माणूस वेगळे कळतात. पाणीपुरवठा हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये तसं लिहिलंय. कोणी उपकार करत नाही.

सभागृह साहेब, व्हिपचा म्हणजे पक्षादेशाचा मुद्दा मान्य. पण व्हिप रोज उठून निघत नाही. प्रभाग समितीत आपल्या भागाची कामं मांडणं, सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारणं, सहायक आयुक्तांच्या मागे लागणं, ठेकेदाराच्या कामावर उभं राहणं, यातलं काय पक्षादेशाने अडतं? नव्वद टक्के कामचुकारपणाला पक्ष हे निमित्त असतं.

सभागृह:

नव्वद टक्के हा आकडा कुठून आणला?

गल्लीबोळ:

आकडा मागे घेतो. मुद्दा घेत नाही.

तळमजला:

मला वेगळंच बोलायचंय. ‘गल्लीचा प्रश्न’ म्हणजे नेमका कोणाच्या घरातला प्रश्न?

आमच्या रस्त्यावर भाजीवाले, फळवाले बसतात. वरच्या मजल्यांवरच्या लोकांचा एक नंबरचा स्थानिक प्रश्न: फेरीवाले हटवा. मी तळमजल्यावर राहतो, माझी आई त्याच रांगेत बसते. आमचा एक नंबरचा प्रश्न: गाडी आली की माल उचलून नेतात, सोडवायला दिवस जातो. दोघंही एकाच प्रभागात, दोघंही मतदार. उमेदवार सोसायटीच्या बैठकीत एक बोलतो आणि आमच्या रांगेत येऊन दुसरं.

फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के जागा फेरीवाल्यांच्या प्रतिनिधींच्या असल्या पाहिजेत. सर्वेक्षण करून विक्रीची प्रमाणपत्रं द्यायची, विक्रीची ठिकाणं ठरवायची, मगच बाकीचं. पक्षांच्या जाहीरनाम्यात हे निदान एका ओळीत तरी येतं. ‘फक्त स्थानिक प्रश्न’ म्हणणाऱ्यांच्या यादीत आम्ही अडथळा म्हणून येतो. म्हणून मी आधी पक्ष बघतो. कोण कोणाच्या बाजूने उभं राहतं ते पक्षावरून थोडं तरी कळतं.

चौथा मजला:

तळमजला, तुमच्या आईबद्दल आदर आहे. पण माझे सासरे व्हीलचेअरवर आहेत आणि त्यांना दवाखान्यात न्यायचं तर फुटपाथ सोडून गाड्यांच्या मधून न्यावं लागतं. हा प्रश्न खोटा नाही.

तळमजला:

खोटा म्हणालोच नाही. फुटपाथचा अर्धा भाग दुचाक्यांनी अडवलाय, तोही धरा. आणि ठिकाणं ठरवून आखून दिली तर तुमच्या सासऱ्यांचीही वाट मोकळी होते. ती ठरवायला समिती बसवावी लागते, अतिक्रमणाची गाडी पाठवून होत नाही. हे मी उमेदवाराला विचारतो तेव्हा तो विषय बदलतो.

फाईल:

निव्वळ माहिती म्हणून लिहितोय, बाजू नंतर.

१) बहुतेक महापालिकांची मागची निवडणूक २०१७ ची. मुदत २०२२ मध्ये संपली आणि तेव्हापासून प्रशासक आहे, काही शहरांत २०२० पासूनच. त्यामुळे मधल्या काळातल्या कामाचं श्रेय कोणी माजी नगरसेवक घेत असेल तर त्याला विचारा, मंजुरीवर सही कोणाची होती?

२) २०१७ ते २०२२ ची हजेरी, विचारलेले प्रश्न, सभांची इतिवृत्तं हे सगळं महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात असतं. माहिती अधिकारात अर्ज केला तर ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आता मतदानाआधी ते जमणार नाही, पण कुणी आधी मागवलेलं असेल तर ते बाहेर काढा.

३) उमेदवारी अर्जाबरोबरचं शपथपत्र बघा. गुन्हे, मालमत्ता, शिक्षण सगळं त्यात असतं.

४) काय महापालिकेचं आणि काय नाही हे वेगळं करा. मुंबईतला ‘बेस्ट’चा भाग सोडला तर वीजपुरवठा महापालिकेकडे नाही. वाहतुकीची कारवाई पोलिसांकडे. जो उमेदवार या दोन्ही गोष्टींची सरसकट हमी देतोय, त्याला एक तर माहिती नाही किंवा तो तुम्हाला गृहीत धरतोय.

आता बाजू. महापालिकेत कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. नगरसेवक रस्ता बांधत नाही, तो बांधायला लावतो आणि बांधल्यावर तपासतो. म्हणून मी माणूस बघतो, आणि माणसात चिकाटी बघतो. आमच्या शाळेसमोर फुटपाथचं काम झालं तिथे फलक लावलाय. कामाचं नाव आहे, रक्कम आहे, ठेकेदाराचं नाव आहे. काम सुरू केल्याची तारीख आहे, काम संपल्याची जागा कोरी. दोष दायित्वाचा कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, तोही कोरा. पेव्हर ब्लॉक पहिल्याच पावसात खचले आणि दुरुस्ती पुन्हा आपल्या पैशातून झाली, कारण तारीखच नाही तर ठेकेदाराला धरणार कशावर? त्या दोन कोऱ्या रकान्यांकडे ज्याचं लक्ष गेलं असतं असा नगरसेवक मला हवाय. त्याचा पक्ष कोणता का असेना.

सभागृह:

फाईल, फलकाचं उदाहरण चोख आहे. पण चार नगरसेवकांच्या प्रभागात तो फलक बघायचा कोणी? अ वाला म्हणणार तो रस्ता ब कडे आहे, ब वाला म्हणणार निधी ड ने आणला. चौघं चार पक्षांचे असले तर एकमेकांवर ढकलायला मोकळे. एकाच पक्षाचे चार असतील तर पाच वर्षांनी निदान त्या चिन्हाला जबाबदार धरता येतं. तुमच्या ‘एकेक जागा वेगळी’ या हिशेबात जबाबदारीच विरघळून जाते. याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

टँकर:

हो, आणि आम्ही हे भोगलंय. चौघांच्या चार कार्यालयांत एकच अर्ज दिला, चौघांनी ‘बघतो’ म्हणून शिक्का मारून दिला.

गल्लीबोळ:

सभागृह साहेब, हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा. चार सदस्यांची पद्धत मतदाराच्या सोयीची नाही, हे मलाही वाटतं. पण चौघं एकाच पक्षाचे असले तरी ढकलाढकली थांबत नाही, फक्त आतल्या आत होते आणि आपल्यापर्यंत येत नाही. वेगळ्या पक्षांचे असले तर निदान एक दुसऱ्याचं बिंग फोडतो. आमच्या प्रभागात मागच्या वेळी हेच झालं. एकाने केलेल्या निकृष्ट कामाची तक्रार दुसऱ्याने केली, हेतू काही का असेना, रस्ता पुन्हा करून मिळाला.

सभागृह:

आणि मधल्या काळात किती कामं एकमेकांना श्रेय मिळू नये म्हणून अडली, तेही सांगा.

गल्लीबोळ:

अडली. उद्यानाचं काम अडलं. नाकारत नाही. तरीही मी एकगठ्ठा चार मतं देणार नाही.

चौथा मजला:

रविवारी ११ तारखेला आमच्या सोसायटीच्या आवारात सगळ्या उमेदवारांना एकत्र बोलावतोय. भाषणं नाहीत, प्रत्येकाला तेच पाच प्रश्न. पावसाळी गटार, पाण्याची टाकी, फुटपाथ आणि दोष दायित्व, कचरा, आणि प्रभाग समितीत स्वयंसेवी संस्थांच्या तीन जागा भरता येतात, त्या भरायला तुम्ही आवाज उठवणार का. सहावा प्रश्न सभागृह साहेबांचा घ्यायचा म्हणतोय: पक्षाने आमच्या प्रभागाच्या विरुद्ध आदेश काढला तर काय कराल? सगळ्यांनी यावं. संध्याकाळी सहा वाजता.

सभागृह:

सहाव्या प्रश्नाला सगळे ‘जनतेबरोबर राहीन’ म्हणतील. त्याऐवजी विचारा, मागे असा प्रसंग आला तेव्हा काय केलंत? नवे असतील तर पक्षाने शहरासाठी दिलेल्या आश्वासनातलं कोणतं त्यांना पटत नाही ते सांगा म्हणावं. मी येतो.

तळमजला:

फेरीवाला समितीचा प्रश्न यादीत नाही. तो सातवा घ्या. आणि संध्याकाळी सहा ही आमच्या रांगेची धंद्याची वेळ, रविवारी तर जास्तच. त्या वेळेला ठेवलं तर आमच्यातलं कोणीच येणार नाही आणि उमेदवार पुन्हा एकाच बाजूचं ऐकून जातील. दुपारी तीनला ठेवा.

चौथा मजला:

तीनला ठेवतो. प्रश्न सातवा नको, फुटपाथच्या प्रश्नाला जोडूनच घेऊ. तुम्ही आईंना घेऊन या, तो प्रश्न त्यांनीच विचारावा.