मायक्रोसॅटेलाइट मार्कर : मराठीत काय म्हणावं?

शब्दवेडी : प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या जनुक-नकाशावरचा एक अनुवाद तपासतेय. त्यात 'मायक्रोसॅटेलाइट मार्कर'चं 'सूक्ष्म उपग्रह चिन्हक' केलंय. वाचून वाटतं, इस्रोनं सोडलाय! दुसरं काही सुचतंय का?

उंदीरमामा : उपग्रह आधी काढा. उंदराचा डीएनए सिझियम क्लोराइडच्या द्रावणात प्रचंड वेगाने फिरवला की मुख्य पट्ट्याच्या बाजूला एक छोटा पट्टा वेगळा पडायचा. तो 'सॅटेलाइट', आणि त्यात पुनःपुन्हा येणारे क्रम निघाले. पुढे 'सीएसीएसीए' अशा डीएनएच्या अक्षरांच्या अगदी आखूड आवर्तनांनाही तेच नाव चिकटलं, त्या पट्ट्याशी संबंध नसताना. 'लघुआवर्तन' चालेल. कंसात मूळ शब्द एकदाच द्या.

कोल्हापुरी : लघुआवर्तन झकास. पण आवर्तनांची संख्या बदलते हे अनुवादात आलंय ना? सगळी गंमत त्यातच आहे. उंदरांच्या एका स्ट्रेनमध्ये (वाणात) 'सीए' १५ वेळा, दुसरीत २०, म्हणजे तुकडा १० अक्षरांनी लांब. पीसीआर करून (म्हणजे त्याच्या भरपूर प्रती काढून) विजेच्या ओढीने जेलवर चालवला की आखूड तुकडा पुढे पळतो, लांब मागे रेंगाळतो. संकरित पिल्लाच्या रांगेत दोन्ही पट्टे. आईकडून काय आलं, बापाकडून काय, डोळ्यांनी दिसतं.

शब्दवेडी : आलंय. पण पुढे 'या चिन्हकामुळे गाठी (ट्यूमर) कमी होतात' असंही आहे.

उंदीरमामा : अरे देवा! मार्कर काहीच करत नाही, तो रस्त्यावरचा मैलाचा दगड. मिन उंदरांचंच घ्या. एपीसी जनुकातल्या बिघाडामुळे त्यांच्या आतड्यात ढिगाने गाठी येतात, पण एकेआर स्ट्रेनशी संकर केला की संततीत कमी. १९९३ मध्ये याच मार्करांच्या आधारे त्यामागची जागा चौथ्या गुणसूत्रावर सापडली, नाव मॉम-१. गाठी कमी करणारं जनुक तिथं 'जवळपास' आहे, एवढंच मार्कर सांगतो. म्हणून मी 'खूण' म्हणेन. 'चिन्हक' ऐकलं की ते काहीतरी करतंय असं वाटतं.

कोल्हापुरी : खूण बोलायला बरी, पण '६,५८० खुणांचा नकाशा' कसा वाटतो? १९९६ च्या नकाशात आवर्तनांचे एवढेच मार्कर होते. मी तरी 'मार्कर'च ठेवेन, लॅबमध्ये दुसरं कुणी काही म्हणत नाही.

शब्दवेडी : 'लघुआवर्तन मार्कर' ठरलं मग. आणि मार्करांच्या नावातलं ते 'डी४मिट'?

उंदीरमामा : त्याला हात लावू नका. डी म्हणजे डीएनए, ४ गुणसूत्र, मिट ही प्रयोगशाळेची खूण. पुढे अनुक्रमांक.