मदत हवी आहे: ॲक्सेसच्या टेबलात आणखी फील्ड बसेना

मागपट्टी
नमस्कार मंडळी. सोलापूर एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याची उत्पादन नोंद ॲक्सेसमध्ये (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्रॅम) आहे. २४ यंत्रमाग, दर मागाची महिन्याला एक ओळ. पाळ्या दोन, आणि प्रत्येक पाळीचा कामगार, नग, डागी नग, शेरा. म्हणजे ३१ × २ × ४ = २४८ फील्ड (टेबलातले स्तंभ), वर माग क्रमांक, महिना, डिझाइन धरून ५. त्यातली नको असलेली तीन काढून नवी तीन टाकायला गेलो, तर तिसऱ्याला 'टू मेनी फील्ड्स डिफाइन्ड'. मोजली तर २५२च भरतात! शिवाय महिनाअखेरीस काही मागांवर 'रेकॉर्ड इज टू लार्ज' येतं. शेरे मराठीत आहेत.

कोराकागद
मर्यादा २५५ची, पण काढलेली फील्डही त्यात धरली जातात. तुमची २५३ आधीच खर्च झालीत. फाइलची प्रत घ्या, सगळ्यांना बाहेर काढा, डेटाबेस टूल्समधून कॉम्पॅक्ट अँड रिपेअर चालवा, म्हणजे काढलेली फील्ड मोजणीतून जातील. टेबल लिंक केलेलं असेल तर मूळ डेटा असलेल्या फाइलवर चालवा, समोरच्या फाइलवर करून उपयोग नाही.

तिरकी_ओळ
दुसरा घोळ मराठीमुळेच. एक रेकॉर्ड (टेबलातली एक ओळ) ४ केबीच्या एका पानात, म्हणजे फाइलमधल्या साठवणीच्या एका तुकड्यात, मावावं लागतं. युनिकोड कॉम्प्रेशन इंग्रजी अक्षर एका बाइटात बसवतं, देवनागरीला मात्र दोनच लागतात, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात ('सोलापूर' = ७). शेरा ४० अक्षरांचा धरला, तर ६२ शेरे × ४० × २ = ४,९६० बाइट. म्हणून महिना भरत आला की अडतं.

शेरा लाँग टेक्स्ट (मोठ्या मजकुराचा फील्डप्रकार) करा असं कुणी सुचवेल. पण फील्डचा प्रकार बदलला तरी मोजणी एकाने वाढते, त्यामुळे ६२ बदल या टेबलात होणारच नाहीत. आणि ग्रुप बाय (गट पाडून एकत्र) केलेल्या क्वेरीत, म्हणजे टेबलातून माहिती काढणाऱ्या मागणीत, लाँग टेक्स्ट २५५ अक्षरांवर कापलं जातं.

मागपट्टी
मग दोन टेबलं करून जोडू का?

कोराकागद
नको. क्वेरीलाही २५५च फील्ड चालतात. टेबल आडवं नाही, उभं करा: माग, तारीख, पाळी, कामगार, नग, डागी नग, शेरा. माग + तारीख + पाळी यांवर युनिक इंडेक्स ठेवा, म्हणजे दुबार नोंद होणार नाही. महिन्याला फार तर २४ × ३१ × २ = १,४८८ ओळी, ॲक्सेसला किरकोळ. डिझाइन मागाच्या वेगळ्या टेबलात, पण महिन्यात बदलत असेल तर इथेच.

जुना डेटा व्हीबीएच्या (ॲक्सेसमधली प्रोग्रॅमिंग भाषा) लूपने हलवा: दिवस आणि पाळीगणिक एक ॲपेंड क्वेरी (नव्या टेबलात ओळी घालणारी), एकूण ६२. रिकाम्या जागा गाळा. नाहीतर डेटसीरियल (वर्ष, महिना, दिवस यांवरून तारीख बनवणारं फंक्शन) ३१ फेब्रुवारीला चूक न दाखवता गुपचूप मार्चची तारीख देतं.

मागपट्टी
मालकांना रजिस्टरसारखा आडवा तक्ताच लागतो.

तिरकी_ओळ
क्रॉसटॅब क्वेरी: ओळीला माग, स्तंभाला दिवस आणि पाळी जोडून ('०१दि', '०१रा'), किंमत नगांची बेरीज. डागी नगांसाठी दुसरी क्रॉसटॅब, कारण एकीत किंमत एकच बसते. तिच्यात टंकता येत नाही, नोंदीला कंटिन्युअस फॉर्म (एकाखाली एक ओळी दाखवणारा) ठेवा. कॉलम हेडिंग्ज प्रॉपर्टीत ६२ही नावं लिहून टाका, नाहीतर सुट्टीच्या दिवसाचा स्तंभच गायब होतो आणि रिपोर्ट उघडत नाही.