कवेलूच्या घरांत जपानी सुलेखनाचे पट कसे लावावेत?

प्रश्न : ओसरीवाला, नागपूर
काटोलकडच्या एका गावात, मातीच्या भिंतींच्या आणि कवेलूंच्या जुन्या घरांमध्ये, येत्या हिवाळ्यात जपानी सुलेखनाचे प्रदर्शन मांडण्याचा आमच्या गटाचा विचार आहे. बहुतेक कामे काकेजिकू पद्धतीने, म्हणजे खाली दांडी असलेल्या गुंडाळत्या पटावर चढवलेली आहेत. सारवलेल्या भिंतींवर ती उपरी तर वाटणार नाहीत ना? मांडणी कशी असावी, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर : शाईदौत
मुळीच नाही. जपानमधील सधन शेतकऱ्यांच्या घरी पाहुण्यांसाठी 'झाशिकी' नावाची खोली असे, तिच्यात 'तोकोनोमा' हा खोलगट कोनाडा असे आणि त्यात ऋतुमानानुसार बदलला जाणारा एखादाच पट टांगलेला असे. शिराकावागो येथील उतरत्या गवती छपरांच्या घरांत (१९९५ पासून जागतिक वारसा) इरोरी या जमिनीतल्या चुलीचा धूर छपराला कीड लागू देत नाही. मात्र तोच धूर कागदाला मारक आहे. म्हणून स्वयंपाकघर वगळा, माजघर निवडा आणि एका खोलीत एकच पट लावा. हे काम जमिनीवर बसून पाहायचे असते, तेव्हा समोर चटई अंथरावी व पट त्या नजरेच्या बेताने खाली घ्यावा. भिंतभर पट टांगले, तर प्रदर्शनापेक्षा दुकानच अधिक वाटेल.

उत्तर : वाळवीग्रस्त
मांडणी ठीक, पण हवेचे काय? या सुलेखनाची सुमी शाई काजळी आणि प्राणिज सरस यांची असल्यामुळे उजेडाने सहसा फिकी पडत नाही. जपायचा असतो तो कागद. पटाच्या मागे गव्हाच्या खळीने कागदाचे थर चिकटवलेले असतात आणि आपल्याकडची कोरडी हवा लागली की त्याच्या कडा वळतात. उलट ताज्या सारवणाची ओल बुरशीला आमंत्रण देते, म्हणून सारवण बरेच आधी उरकून घ्यावे. भिंतीत खिळा ठोकण्याऐवजी पट लाकडी तुळईवरून, भिंतीपासून थोडे अंतर सोडून टांगावा. खळीला कसर लागते, हे ध्यानात ठेवून रात्री पट गुंडाळून पेटीत ठेवलेले बरे.

उत्तर : बोरू
त्या घरांत मोडीतली मालगुजारीची, म्हणजे जमीनमहसुलाची, जुनी कागदपत्रे असतील, तर तीही शेजारी मांडावीत. जपानी 'सोशो' शैलीत फटकारे एकमेकांत मिसळतात, आणि मोडीतही हात शक्यतो न उचलता लिहिले जाते.

उत्तर : शाईदौत
साम्य दिसते खरे, परंतु मोडीतील धावता हात कारकुनी निकडीतून आला आहे, तर सोशोमध्ये प्रत्येक फटकाऱ्याचा वेग आणि शाईचा ओलावा हाच पाहण्याचा विषय असतो. दोन्ही एकाच भिंतीवर लावली, तर पाहणारा केवळ साम्य शोधत बसेल. मोडी ओसरीवर ठेवा. तीही छायाप्रत, कारण मूळ कागद बहुधा घडीवर फाटलेला असतो.