मदत हवी आहे: सी मध्ये फंक्शनमधून अ‍ॅरे नीट परत येत नाही, उद्या सबमिशन!!

सबमिशनग्रस्त: फंक्शनमध्ये १ ते १० चे वर्ग अ‍ॅरेत भरतो, पॉइंटरने (म्हणजे अ‍ॅरेचा अ‍ॅड्रेस) रिटर्न करतो, मेनमध्ये प्रिंट केलं की कचरा येतो आणि फंक्शनच्या आत प्रिंट केलं तर सगळं बरोबर. पॉइंटर मला येतात ते शिकवू नका, फक्त उपाय सांगा, लवकर.

कोथरूडचा_कीडा: कोड कुठंय? वॉर्निंग काय येते? कुंडली मांडायची का आम्ही?

सबमिशनग्रस्त: कोड लॅबच्या पीसीवर राहिला. साधा लोकल अ‍ॅरे, फॉर लूप, शेवटी रिटर्न. लोकल व्हेरिएबलच्या अ‍ॅड्रेसबद्दल काहीतरी वॉर्निंग येते पण एरर नाहीये ना ती, रन होतंय की.

बिट_भाकरी: अरे तीच वॉर्निंग वाच. अ‍ॅरे स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या जागेत होता, फंक्शन संपलं की जागा मोकळी, पुढे प्रिंटएफचा कॉलसुद्धा तीच जागा वापरू शकतो. अ‍ॅरेच्या आधी स्टॅटिक लिही, मग जागा प्रोग्राम संपेपर्यंत राहते, विषय संपला.

कोथरूडचा_कीडा: संपला कसा? स्टॅटिकची जागा एकच, फंक्शन दोनदा बोलावलं की पहिले आकडे गेले. मॅलॉक करून जागा माग, नल आला (म्हणजे जागा मिळाली नाही) का बघ, शेवटी मेनमध्ये फ्री करून जागा परत दे.

बिट_भाकरी: पहिल्या वर्षाची पोरं फ्री करतात होय! लायब्ररीतलं वेळ देणारं लोकलटाइम फंक्शनपण स्टॅटिकच वापरतं.

कोथरूडचा_कीडा: म्हणूनच आपण दिलेल्या जागेत भरणारं लोकलटाइम_आर काढावं लागलं ना.

पेठेतला_पाहुणा: अजून सी शिकवतात? पायथन कर. आणि पुस्तक हवं असेल तर अप्पा बळवंत चौकात जुनी स्वस्तात मिळतात.

सबमिशनग्रस्त: पुस्तक कोणी मागितलंय?? मॅलॉक केलं, कचरा गेला, पण आता दोनच आकडे येतात, १ आणि ४. मॅलॉकने जागा कमी दिली का?

हिंजवडी_नाइटशिफ्ट: लूप किती वेळा फिरवतोस?

सबमिशनग्रस्त: परत आलेला पॉइंटर पी, साइझऑफ पी भागिले साइझऑफ इंट, सरांनी तसंच शिकवलंय.

हिंजवडी_नाइटशिफ्ट: ते अ‍ॅरेला चालतं. पी पॉइंटर आहे, तुझ्या ६४ बिट मशीनवर ८ बाइट, इंट ४, म्हणून २. पॉइंटरला पुढे किती आकडे आहेत ते माहीतच नसतं, लांबी वेगळी सांभाळावी लागते. मुळात रिटर्न कशाला करतोस, अ‍ॅरे मेनमध्येच घे आणि तो नि लांबी दोन्ही पास कर, फंक्शन फक्त भरेल. स्टॅटिक नको, मॅलॉक नको, फ्री विसरायची भानगड नको.

सबमिशनग्रस्त: पण असाइनमेंटमध्ये "पॉइंटर रिटर्न करा" असंच लिहिलंय.

हिंजवडी_नाइटशिफ्ट: हे आत्ता सांगतोयस? मग भरून झाल्यावर आलेला पॉइंटरच परत दे. ओळ वाचणारं लायब्ररीतलं एफगेट्स तेच करतं, बफर आणि साइझ घेतं, वाचता आलं की तोच बफर परत देतं.

बिट_भाकरी: स्टॅटिकने मघाशीच झालं असतं.