मदत हवी आहे: प्रॉटेस्टंट माणसाला बेनेडिक्टाइन ऑब्लेट होता येतं का?

जय ख्रिस्त. ऑब्लेट म्हणजे घरी राहून एखाद्या मठाशी जोडलेला आणि संत बेनेडिक्टचा नियम आपल्या परीनं पाळणारा माणूस. मी सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रॉटेस्टंट), संसारी, पुण्यात नोकरी. मठात जाऊन राहायचं नाही. घरी राहूनच नेम पाळायचाय. (पहाटेची स्तोत्रं सुरू आहेतच, कुकरच्या पहिल्या शिट्टीपर्यंत.)

फ्रान्सिस्कनांच्या, म्हणजे संत फ्रान्सिसच्या अनुयायांच्या, गृहस्थ शाखेत, म्हणजे ओएफएसमध्ये, कॅथलिक असणं सक्तीचं. स्कॉटलंडमध्ये १९३८ला सुरू झालेली आयोना कम्युनिटी ही ख्रिस्ती संघटना सगळ्या पंथांना घेते, पण तिचे फॅमिली ग्रुप (सदस्यांचे स्थानिक गट) बहुतेक ब्रिटनमध्ये. नुसतं ऑनलाइन मला जमणार नाही. काही बेनेडिक्टाइन मठ मात्र इतर पंथीयांनाही ऑब्लेट करून घेतात. आमचे पाळक म्हणाले, "आपल्यात कशाला ते?"

पंथ बदलायचा नाही, हे आधीच सांगतो. भारतातल्या एखाद्या मठानं कॅथलिक नसलेल्याला ऑब्लेट केल्याचं कुणाला प्रत्यक्ष माहीत आहे का? आणि तिथं वर्षातून किती दिवस जावं लागतं?